शेवटची पांढरी

अप्पांनी तिचं कोपर चिमटीत धरून दोन बोटं खाली आणलं आणि स्ट्रायकर पुन्हा रेघेवर ठेवला.

"ट्रॉली ढकलत नाहीयेस तू. बोट ढकलायचं नाही, सोडायचं."

तिनं सोडलं. स्ट्रायकर सोंगटीच्या शेजारून गेला, समोरच्या काठावर आपटला आणि गेला तसा हात हलवत परत आला.

"याला बरोबर घर सापडतं," अप्पा म्हणाले. "माझ्यापेक्षा हुशार आहे."

ती हसली नाही. अप्पांच्या विनोदावर हसायचं की नाही हे हल्ली तिला ठरवता येत नसे. मागच्याच महिन्यात ते कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणायला गेले आणि पलीकडच्या इमारतीच्या जिन्यावर दीड तास बसून राहिले. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, किल्ली विसरलोय, सून येईल आता. सून तेव्हा कामावर होती आणि रात्री पावणेबारापर्यंत येणार नव्हती. त्याच्या आधी दूध तापवायला ठेवून झोपले होते. पातेल्याचं बूड गेलं, ओट्याची फरशी तडकली. वास शेजारणीला आला म्हणून निभावलं.

मुलगी घरात होती तोवर संध्याकाळचा प्रश्न नव्हता. ती शिकायला बाहेरगावी गेली आणि दुपारी अडीच ते रात्री पावणेबारा एवढा वेळ घरात एकटे अप्पा उरले. नवरा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. त्याला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला जमेल तसं कर." एकवीस वर्षांच्या संसारात त्यानं दिलेला हा सल्ला बहुतेक सगळ्या प्रसंगांना पुरला होता.

नणंदेनं मात्र सरळ सांगितलं होतं. "माझ्याकडे पाठव. तुझी ड्यूटी सुटत नाही तर काय करणार तू तरी? इथं घरात माणसं आहेत."

अप्पांना जायचं नव्हतं. "तिच्याकडे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात," ते म्हणाले होते. "बहिरा असल्यासारखं. मी बहिरा नाहीये. होईन तिथं राहून."

त्या दिवशी तिनं आपल्या खात्यातली पद्धत त्यांना सांगितली. सांगताना वाटलं होतं की ते हसतील. ते उठले, कपाटामागे हात घालून धुळीनं भरलेला कॅरमबोर्ड ओढून काढला आणि म्हणाले, "फडकं आण."

पद्धत अशी होती. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात काम करायची. ऑपरेशनची हत्यारं वरून खाली यायची. ती धुवायची, वाळवायची, मोजायची, हिरव्या कापडात बांधायची आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायची. सकाळची पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा. दुसरी कुणालाच नको असे. पूर्वी इन्चार्ज सिस्टर पाळ्या लावायच्या आणि यादी लागली की त्यांच्या टेबलासमोर रांग लागायची. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचं पोर दम्याचं, कुणाला स्वतःलाच रात्री दिसत नाही. दुखण्यांची चढाओढ लागायची. एकीचं ऐकलं की दुसरीच्या डोळ्यांत पाणी. शेवटी एक दिवस सिस्टरांनी हात टेकले. तुमचं तुम्ही ठरवा आणि मला फक्त कागद आणून द्या, म्हणाल्या.

तेव्हापासून ते कॅरमवर ठरत आलं. सकाळची जागा रिकामी झाली की मागणारे खेळायचे. एकच बोर्ड. जिंकेल त्याची जागा, दुसरा एक वर्ष तोंड उघडणार नाही. आणि त्यात एक पोटनियम होता जो खेळापेक्षाही कडक पाळला जाई: कारणं सांगायची नाहीत. आधी नाही, नंतर नाही, हरल्यावर तर नाहीच. कुणी सांगायला लागलंच तर बाकीचे उठून कामाला लागत.

एकोणीस वर्षांत तिनं कधी नाव दिलं नव्हतं. खेळता येत नव्हतं आणि मुलगी लहान असताना अप्पाच तिला सांभाळायचे, त्यामुळे गरजही पडली नव्हती. आता सकाळपाळीची मोठी मावशी निवृत्त होणार होती. जागा एक होती आणि मागणारे दोघं. ती आणि वकील. वकील म्हणजे खरा वकील नव्हे. मशीनवरचा माणूस, पण कुठलीही गोष्ट नियमात बसवून बोलायचा म्हणून हे नाव पडलेलं. त्याच्या दोन लहान मुली शाळा सुटल्यावर रुग्णालयाच्या फाटकाशी शिपायाच्या स्टुलावर बसून राहतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

हातात दोन महिने होते.

रोज सकाळी साडेदहाला, भांडी घासून झाली की, दोन स्टुलांवर बोर्ड ठेवला जाई. अप्पा खाटेवर, ती समोर पाटावर. अप्पा चाळीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचे. वरच्या त्या कोंदट खोलीत एक रीळ लावलं की अठरा मिनिटं मोकळी मिळत आणि तेवढ्यात ते आणि त्यांचा मदतनीस एक बोर्ड उरकत. त्यामुळे त्यांना रेंगाळलेलं चालत नसे.

"विचार कसला करतेस? सोंगटीकडे बघ. स्ट्रायकरकडे बघू नकोस, तो कुठं पळून जात नाही. सोंगटीच्या ज्या ठिकाणी लागायला हवं तेवढंच बघ. बाकीचा बोर्ड आहे हे विसर."

"विसरायला तुमच्याकडूनच शिकावं लागेल," ती एकदा बोलून गेली आणि जीभ चावली.

अप्पा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग खांदे हलवत इतके हसले की खाट करकरली.

पहिल्या आठवड्यात तिचं नख दुखून काळं पडलं. जंतुनाशकात हात बुडवून बुडवून बोटांची टोकं कायमची सोललेली असत आणि पहिल्या बोटाच्या नखाला मधोमध चीर गेली होती. अप्पांनी तिचा हात उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे बोट कामातून गेलंय. मधल्यानं मार. मधलं बोट फुकट खातं, त्याला कामाला लाव."

मधल्या बोटानं जमायला लागलं. आधी सरळ, नाकासमोरची सोंगटी. मग कट, मग काठाला लावून मागं आणलेली. कामावर चिमटे मोजताना तिच्या लक्षात यायचं की मधलं बोट टेबलाच्या कडेवर आपोआप ताणलं जातंय. स्वयंपाक करताना ती बटाट्याच्या आणि परातीच्या मधली रेघ बघायची. पाचव्या आठवड्यात तिनं लागोपाठ तीन घेतल्या, तेव्हा अप्पांनी पावडरीचा डबा तिच्या बाजूला सरकवला. तोवर तो त्यांच्याकडे असायचा.

कधी कधी खेळता खेळता ते थांबत. मान तिरकी करून ऐकत.

"संपत आलं. दुसरं रीळ लाव."

"अजून वेळ आहे अप्पा," ती शांतपणे म्हणे. "तुमची पाळी."

ते तिच्याकडे पाहत, भिंतीकडे पाहत आणि मग परत येत. परत आले की चिडलेले असत. "माहीत आहे मला," म्हणत. आणि रागाच्या भरात मारलेली सोंगटी हमखास जाई.

एकदा राणी घेऊन कव्हर करता करता ते म्हणाले, "जिंकलीस तर तू संध्याकाळी घरी. हरलीस तर मी माझ्या पोरीकडे. बरोबर?"

"हो."

"मग नीट खेळ."

एवढंच बोलणं झालं. पण नंतर तिची पाळी आली तरी तिनं स्ट्रायकर उचलला नाही. तिच्या डोळ्यांसमोर मुलीची कॉट आली होती, जिच्यावर आता अप्पा झोपत. ती कॉट रिकामी, चादर न चुरगळलेली. सकाळी उठून कुणाचा चहा नाही, गोळ्या नाहीत, गॅसचं बटण तीनतीनदा बघणं नाही. नऊपर्यंत झोपलेली कुणीतरी बाई. ती बाई कोण हे तिला लगेच ओळखता आलं नाही.

"झोपलीस का?" अप्पांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि मारलं. सोंगटी गेली.

शनिवारी पावणेतीनला ती खात्यात पोचली. सकाळपाळीचे लोक निघायच्या बेतात, दुसरीचे येऊन कपडे बदलत होते. वाळवणीच्या खोलीत कापडांच्या पेटीवर बोर्ड ठेवलेला होता. पंच म्हणून रेडिओ उभा होता. हा खात्यातला सगळ्यात जुना माणूस. दिवसभर त्याचं तोंड बंद नसे, पण बोर्डाशी उभा राहिला की देवळात आल्यासारखा गप्प होई.

"बघून घ्या दोघं," तो म्हणाला. "अंगठा नाही. रेघांना दोन्हीकडे टेकलं पाहिजे. हात लागला तर फाउल. आणि बाकीचं ठाऊक आहे."

"कलम शेवटचं," वकील म्हणाला. "कारणं बाहेर ठेवून या."

दोघंतिघं हसले. ती हसली नाही, कारण वकीलही हसत नव्हता. त्याचे डोळे तिच्यासारखेच होते, खाली काळे, कडेला लाल. सकाळी एकदा आरशात पाहिलेला चेहरा दुपारी दुसऱ्याच माणसावर बघावा तसं तिला वाटलं.

त्यानं दोन्ही मुठी पुढे केल्या. तिनं डावी सांगितली. पांढरी निघाली, म्हणजे फोडायचं तिनं.

पहिली दहा मिनिटं तिला कुणाचंच तोंड दिसलं नाही. सोंगटीचं जिथं लागायला हवं ते ठिकाण तेवढं दिसत होतं. वकील सावकाश खेळायचा, मारण्याआधी दोनदा बोर्डाभोवती मान फिरवायचा. राणी त्यानं घेतली आणि कव्हरही केली. तिच्या पाच पांढऱ्या उरल्या, त्याच्या दोन काळ्या. कुणीतरी मागं घड्याळाकडे पाहिलं. मग तिनं एक घेतली. दुसरी कट मारून घेतली. तिसरी काठाला लावून मागं आणली तेव्हा रेडिओच्या घशातून आवाज निघाला आणि त्यानं तो खोकल्यात लपवला. चौथी गेली.

एक उरली. समोरच्या डाव्या पॉकेटच्या चार बोटं अलीकडे, अगदी सरळ. नाकासमोरची. पहिल्या पंधरवड्यातच तिला जमू लागलेली.

तिनं स्ट्रायकर रेघेवर टेकवला. कोपर खाली घेतलं. शेजारच्या खोलीत मशीननं वाफ सोडली, रोज सोडतं तशीच. तिनं सोंगटीकडे पाहिलं, लागायला हवं ते ठिकाण पाहिलं आणि बोट सोडलं.

सोंगटी निघाली, पॉकेटच्या तोंडाशी गेली, काठाला लागून थोडी हलली आणि तिथंच बसली.

वकिलानं कपाळ पुसलं. त्याची पहिली काळी गेली. दुसरीला त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, आणि तीही गेली.

"झालं," रेडिओ म्हणाला. त्यानं कागदावर नाव लिहिलं आणि दोघांची सही घेतली. वकील तिच्यासमोर उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण म्हणता येण्यासारखं सगळं नियमाबाहेर होतं.

"ती सोंगटी गेली होती," तो शेवटी म्हणाला. "जाऊन परत आली म्हणायची."

"राहू दे," ती म्हणाली.

ती एप्रन बांधायला वळली तेव्हा खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं तिला वाटलं. हलकं, जवळजवळ बरं. ते कशाचं, हे पाहायला वेळ नव्हता. वरून पहिली ट्रॉली आली होती. त्या पाळीत तिनं एकवीस संच बांधले आणि दोनदा मोजणी चुकली, जी तिची कधी चुकत नसे.

घरी आली तेव्हा अप्पांच्या खोलीतला दिवा बंद होता. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहाचा कप त्यांच्या हातात देऊनच ती बोलली.

"हरले."

त्यांनी फुंकर मारली, एक घोट घेतला. "किती राहिल्या?"

"एक."

"कुठं होती?"

तिनं हातानं हवेत दाखवलं. अप्पांनी कप खाली ठेवला, उठले आणि बोर्ड स्वतः ओढून आणला. ती मदतीला गेली तर कोपरानंच बाजूला सारलं. स्टुलं मांडली, फडक्यानं बोर्ड पुसला, चिमूटभर पावडर टाकली. एक पांढरी सोंगटी तिच्यासमोर धरली.

"ठेव."

तिनं ठेवली. अप्पा वाकले, एक डोळा बारीक करून पॉकेटकडे पाहिलं, चार बोटं लावून अंतर मोजलं.

"ही?"

"हो."

"मध्ये दुसरी होती कुठली?"

"नाही. मोकळी होती."

"मार बरं."

ती पाटावर बसली. कोपर खाली घेतलं. बोट सोडलं. सोंगटी सरळ गेली आणि जाळीत पडली.

त्यांनी चहाचा कप उचलला. तिनं जाळीत हात घालून सोंगटी काढली.

"तिथं थांबली," ती म्हणाली. "तोंडाशीच. काठाला लागली."

"असेल."

"पुन्हा मारते."

तिनं पुन्हा ठेवली, पुन्हा मारली. गेली. मग तिनं स्ट्रायकर थोडा डावीकडे घेतला, कारण कदाचित काल तो डावीकडे असेल. तशीही गेली. सोंगटी बोटभर मागं ठेवली. गेली. पाचव्या वेळी नेम धड नव्हता, स्ट्रायकर कडेला घासला, आणि तरी सोंगटी सुतासारखी सरळ जाऊन आत पडली. दोन महिन्यांत तिच्या हातून लागोपाठ पाच कधी गेल्या नव्हत्या.

"हात छान बसलाय तुझा," अप्पा म्हणाले. आवाजात कुठं टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"अप्पा, मी काल खरंच—"

"सूनबाई, मी काही विचारलंय का?"

अप्पांनी उरलेला चहा संपवला, कप बशीत नीट मधोमध ठेवला आणि खाटेच्या काठावर हात टेकून उठले.

"पोरीला फोन लाव. आजच ये म्हणावं, पण दुपारी. संध्याकाळी तिच्या जिन्यात मला दिसत नाही." दारापाशी ते थांबले. "आणि तिथं पोचल्यावर हळू बोलायला सांग सगळ्यांना. माझं सांगून झालंय, तुझं ऐकतील."

"सांगते."

ते आत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग वरच्या फळीवरून बॅग ओढल्याचा. मदतीला उठायला हवं होतं. फोन लावायला हवा होता. ती बोर्डाशीच बसून राहिली. चार बोटं लावून तिनं पांढरी सोंगटी पुन्हा जागेवर ठेवली, स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकवला आणि कोपर खाली न घेता, नेम न धरता, भलतीकडे बघत मारलं.

जाळीत टप असा आवाज झाला. आतल्या खोलीत अप्पांचे हात क्षणभर थांबले आणि मग पुन्हा घड्या घालू लागले.